परवाना गेला, बिल आलं
ठाणे-कल्याण-डोंबिवलीत पैसे न देता आणि कायदा न मोडता किती टीव्ही बघता येतो, याचा आढावा

ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर टीव्ही घ्यायला गेलात, तर दुकानदार हप्ते किती विचारतो, जुना संच देणार का विचारतो, भिंतीला टांगायचा की टेबलावर ठेवायचा हेही विचारतो. टीव्ही बघण्याचा सरकारी परवाना आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही. तसा परवानाच आता नाही. तरीही संच घरी आला की पहिला फोन केबलवाल्याला जातो किंवा डीटीएचच्या माणसाला, आणि त्या दिवसापासून दरमहा काही शे रुपये जायला लागतात. टीव्ही बघायचा म्हणजे हे पैसे द्यावेच लागतात, अशी बहुतेकांची पक्की समजूत आहे.

ती अर्धीच खरी आहे. भारतात आज टीव्ही बघणाऱ्याला तीन गोष्टींचे पैसे द्यावे लागू शकतात: चित्र घरापर्यंत आणणाऱ्या वायरीचे, सशुल्क वाहिन्यांचे आणि इंटरनेटच्या डेटाचे. या तिन्ही गोष्टी वगळूनही टीव्ही बघण्याचा एक सरळ, कायदेशीर मार्ग उरतो. तो किती लोकांना माहीत आहे, त्यावर काय दिसतं, आणि टॉवरमध्ये राहणाऱ्याला तो कितपत परवडतो, म्हणजे पैशांनी नव्हे तर जागेनं परवडतो, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत.

पोस्टातलं लायसन

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र ठाण्यापर्यंत बरं यायचं. पारसिकच्या डोंगराच्या पलीकडे डोंबिवली-कल्याणात ते पकडण्यासाठी अँटेना उंच न्यावा लागे. एक जण गच्चीवर काट्या फिरवतोय, दुसरा गॅलरीत उभा राहून निरोप पोचवतोय, तिसरा घरातून ‘आलं, आलं… गेलं!’ असं ओरडतोय, हा त्या काळातला नित्याचा कार्यक्रम होता. चित्र गेलं की पडद्यावर मुंग्या.

त्या काळात संच घरात ठेवायलाही परवाना लागायचा. १८८५चा भारतीय तार कायदा आणि १९३३चा बिनतारी तार कायदा यांच्या आधारानं रेडिओ आणि टीव्ही ही दोन्ही ‘बिनतारी संदेश पकडणारी यंत्रं’ ठरत होती. रेडिओसाठी वर्षाला १५ रुपये आणि टीव्हीसाठी ५० रुपये पोस्टात भरायचे, पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. लायसन नसेल तर दंड. तपासनीस येणार अशी आवई उठली की रेडिओ कपाटात जायचे, असे किस्से जुन्या चाळींमध्ये अजून सांगितले जातात.

या व्यवस्थेत एक उदारपणा मात्र होता. लायसन संचाचं होतं, बघणाऱ्यांचं नव्हतं. शनिवारचा मराठी चित्रपट, रविवारचा हिंदी चित्रपट आणि ‘छायागीत’ बघायला अख्खी चाळ एका खोलीत जमायची, आणि त्या सगळ्या मंडळींचं मिळून एकच लायसन असायचं. पैसे न देता कायदेशीर टीव्ही बघण्याचा महाराष्ट्रातला पहिला मार्ग म्हणजे शेजाऱ्याची खोली.

लायसन गेलं त्यामागे दोन कारणं होती. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या आणि १९८४ मध्ये ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिकांचं युग आलं, म्हणजे उत्पन्नाची दुसरी वाट सापडली. दुसरीकडे संच झपाट्यानं वाढत होते, आणि प्रत्येक घरातून वर्षाला थोडे रुपये गोळा करण्याचा पोस्टाचा व्याप कमी होत नव्हता. १९८०च्या दशकाच्या मध्यात सरकारनं हे शुल्क रद्द केलं. तेव्हापासून भारतात सार्वजनिक प्रसारणाचा खर्च सरकारी तिजोरी आणि जाहिराती यांच्यावर चालतो. टीव्ही बघणारा थेट काही देत नाही. कर भरणारा मात्र देतो, मग तो टीव्ही बघो वा न बघो.

गच्चीवरून गेलेल्या वायरी

परवाना गेल्यावर काही वर्षंच टीव्ही खऱ्या अर्थानं फुकट होता. मग केबल आली. आधी एखाद्या सोसायटीत कोणी व्हीसीआर घेऊन बसायचा, वायर शेजारच्या चार इमारतींवर टाकायचा आणि रात्री एक हिंदी सिनेमा लावायचा. १९९१च्या आखाती युद्धात उपग्रहावरून थेट बातम्या दिसतात हे लोकांनी पाहिलं, पुढच्या वर्षी २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला, आणि गच्चीवर मोठ्या जाळीच्या छत्र्या आल्या. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत प्रत्येक गल्लीचा केबलवाला ठरलेला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याचा मुलगा पावतीपुस्तक घेऊन यायचा.

१९९५चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा या गल्लीबोळातल्या धंद्याला नियमात आणण्यासाठी झाला. केबलवाल्याला नोंदणी सक्तीची झाली, आणि ती नोंदणी पुन्हा पोस्टातच करायची ठरली. याच कायद्याच्या आठव्या कलमानुसार प्रत्येक केबलवर दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रात त्यावर करमणूक करही बसला. महापालिका हद्दीत तो जोडणीमागे महिना ४५ रुपयांपर्यंत गेला होता. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हा राज्याचा कर त्यात विरून गेला.

ॲनालॉग केबलमध्ये एक मोठी गोम होती. किती घरांत वायर गेली आहे हे केबलवाल्यालाच ठाऊक असायचं. वाहिन्यांना आणि सरकारला तो सांगेल तो आकडा. म्हणजे प्रेक्षक पूर्ण पैसे देत होता, पण त्यातला मोठा भाग वरपर्यंत पोचत नव्हता. ही गळती थांबवण्यासाठी २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि डिजिटल डबा सक्तीचा झाला. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरं होती. दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांचं नाव होतं, आणि तिथली मुदत होती ३१ मार्च २०१३. त्या मार्च-एप्रिलमध्ये आपल्या भागातल्या कित्येक घरांत टीव्ही काळे पडले आणि केबलवाल्याकडे डब्यांसाठी रांगा लागल्या. २०११च्या जनगणनेत ठाणे महापालिका हद्दीत १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाख ४७ हजार लोक होते. एवढ्या वस्तीचा टीव्ही एका तारखेला बदलणं ही लहान गोष्ट नव्हती.

डब्यानं गळती थांबवली, पण एक जुनी सोयही संपवली. आधी वायर थेट संचात घुसवली की चित्र दिसायचं. दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीला तीच वायर फाटा मारून जोडता यायची. आता प्रत्येक संचाला वेगळा डबा, आणि प्रत्येक डब्याचं वेगळं बिल.

फुकट वाहिन्यांचं भाडं

२०१९च्या फेब्रुवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दरपद्धती लागू झाली. ठाणेकर-डोंबिवलीकरांच्या बिलाचं गणित आजही त्याच पायावर उभं आहे, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

वाहिन्या दोन प्रकारच्या. एक ‘फ्री टू एअर’, म्हणजे ज्यांनी आपली किंमत शून्य जाहीर केली आहे त्या. दुसऱ्या सशुल्क. देशात परवानगी मिळालेल्या खासगी वाहिन्या नऊशेच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या सशुल्क साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे मोठा भाग फुकटच आहे. पण या फुकट वाहिन्या केबलवरून किंवा डीटीएचवरून घ्यायच्या, तर ‘नेटवर्क कपॅसिटी फी’ भरावी लागते. २०१९ मध्ये तिची कमाल मर्यादा पहिल्या १०० वाहिन्यांना महिना १३० रुपये होती. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये त्याच पैशांत २०० वाहिन्या देण्याचा नियम झाला आणि बंधनकारक दूरदर्शनच्या वाहिन्या त्या मोजणीबाहेर ठेवल्या गेल्या. जुलै २०२४ पासून ट्रायनं ही मर्यादाच काढली. आता कंपनी आपला दर स्वतः ठरवून जाहीर करते.

याचा साधा अर्थ असा, की केबलच्या घरात एकही सशुल्क वाहिनी न घेता फक्त सह्याद्री आणि बातम्या बघणारा माणूसही बिल भरतो. ते वाहिनीचं नसतं, वायरीचं असतं. वायरीला खर्च येतो, हे मान्य. पण ही फक्त-फुकट-वाहिन्यांची निवड ग्राहकाचा हक्क आहे, हे किती केबलवाले सांगतात? बहुतेक घरांत तयार पॅक लावलेला असतो, आणि त्यात कोणालाही नको असलेल्या पंधरावीस वाहिन्या बसलेल्या असतात. घरात स्टार प्रवाह आणि झी मराठीच लागत असेल, तर पॅक मोडून सुट्या वाहिन्या घेणं अनेकदा स्वस्त पडतं. त्यासाठी मात्र यादी मागायला हवी आणि यादी मागण्याची लाज वाटता कामा नये.

छत्रीचा मार्ग

आता खरोखर शून्य रुपये महिना असलेल्या मार्गाकडे येऊ. दूरदर्शननं डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही उपग्रह सेवा सुरू केली. सुरुवातीला त्यावर ३३ वाहिन्या होत्या. तीच सेवा आज ‘डीडी फ्री डिश’ नावानं ओळखली जाते. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा. बसवण्यासह साधारण दीड-दोन हजार रुपयांचं काम. त्यानंतर मासिक भाडं नाही, रिचार्ज नाही, नोंदणी नाही. ‘फ्री डिशचं रिचार्ज संपलंय’ असा फोन आला, तर समोरचा माणूस फसवतोय हे नक्की समजावं.

ही सेवा वापरणाऱ्या घरांचा अंदाज चार कोटींच्या पुढचा आहे. अंदाज म्हणायचं, कारण ग्राहकाची नोंदच नसते; आकाशातून येणारं चित्र जो पकडेल त्याचं. शहरात फ्री डिश म्हणजे गावाकडची गोष्ट असं मानतात, आणि तिची मोठी पोच ग्रामीण भागात आहेही, पण मुंबईच्या उपनगरांतही ती दिसते.

फ्री डिश फुकट कशी परवडते, याचं उत्तर लिलावात आहे. खासगी वाहिनीला फ्री डिशवर यायचं असेल तर दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या ई-लिलावात जागा विकत घ्यावी लागते. हिंदी मनोरंजन वाहिन्यांचा गट सर्वांत महाग असतो. एका वर्षात या लिलावांतून प्रसार भारतीला हजार कोटी रुपयांच्या पुढे उत्पन्न मिळालेलं आहे. म्हणजे प्रेक्षकाऐवजी वाहिनी भाडं भरते, आणि ते जाहिरातींतून वसूल करते. पोस्टातल्या लायसनच्या जागी बसलेली ही खरी व्यवस्था आहे.

तिचा गुण आणि दोष एकाच मुळातून येतात. लिलावात कोण टिकणार, यावर फुकट काय दिसणार हे ठरतं. मार्च २०१९ मध्ये मोठ्या समूहांनी स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या वाहिन्या फ्री डिशवरून काढल्या, २०२०मध्ये परत आणल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. कारण उघड होतं. केबलवर पैसे देणारा प्रेक्षक फुकटच्या छत्रीकडे वळला, तर सशुल्क वाहिन्यांचं उत्पन्न घटतं.

मराठीचं चित्र यातूनच समजतं. फ्री डिशवर हक्काची मराठी वाहिनी एकच, दूरदर्शन सह्याद्री. ती १९९४ मध्ये उपग्रहावर आली आणि २००० मध्ये तिला हे नाव मिळालं. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा, सन मराठी अशा वाहिन्या लिलावातून फ्री डिशवर आलेल्या आहेत, पण कोणती वाहिनी कोणत्या वर्षी राहील हे दर वर्षीच्या बोलीवर ठरतं. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी या ज्यांच्या मालिकांवर संध्याकाळी सात ते दहा घर चालतं, त्या वाहिन्या सशुल्क आहेत आणि इथे येत नाहीत. त्यामुळे फ्री डिश घेणाऱ्या मराठी घराला जुने मराठी सिनेमे, कीर्तन, बातम्या आणि ढीगभर हिंदी मिळतं. चालू मालिका मिळत नाहीत. घरातल्या सासूबाईंचा विरोध याच मुद्द्यावर असतो आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

आग्नेयेकडे मोकळं आकाश

फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यातून तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर येतो. एवढं माहीत असलं की छत्री आपल्या घरी लागेल की नाही हे बसवणारा येण्याआधीच ताडता येतं.

खिडकी किंवा गॅलरी आग्नेयेला उघडत असेल तर आशा आहे. उपग्रह बराच वर असल्यामुळे समोरची इमारत फारशी आड येत नाही. ३० मीटरवरची इमारत तुमच्या छत्रीच्या सुमारे ४५ मीटर वर गेली, तरच ती नड करते. खरी अडचण डोक्यावर असते. वरच्या मजल्याची गॅलरी एवढ्या उंच कोनात दिसणारं आकाश झाकून टाकते. म्हणून छत्री ग्रिलच्या बाहेर काढावी लागते, आणि तिथे सोसायटीची नोटीस येते.

इथे या भागातली एक गमतीशीर विषमता दिसते. दिवा, कळवा, कल्याण पूर्वेतली कोळसेवाडी, टिटवाळा इथल्या बैठ्या घरांच्या पत्र्यावर छत्री सहज बसते. घोडबंदर रोडवरच्या तीस मजली टॉवरमध्ये मात्र तिला जागा नाही. गच्ची सामाईक, तिला कुलूप, बाहेरच्या भिंतीला हात लावायचा नाही, आणि अनेक ठिकाणी बिल्डरच्या काळापासून एकाच कंपनीची वायर आत आलेली. म्हणजे कायद्यानं सर्वांना खुला असलेला मार्ग टॉवरमध्ये राहणाऱ्याला सोसायटीच्या परवानगीवर अवलंबून ठेवतो. १९७०च्या दशकात परवाना पोस्ट देत होतं. आता तो कमिटी देते.

यावर तोडगा आहे आणि तो महाग नाही. गच्चीवर एकच छत्री आणि अनेक जोडण्या देणारा एलएनबी किंवा मल्टिस्विच बसवला, तर एका विंगमधल्या अनेक घरांना तेच चित्र देता येतं; प्रत्येकाला फक्त आपला बॉक्स घ्यावा लागतो. प्रसार भारतीनं मान्यता दिलेला एमपीईजी-४ बॉक्स घेतला तर वाहिन्या जास्त दिसतात. भारतीय मानक ब्युरोनं अंगभूत उपग्रह ट्यूनर असलेल्या टीव्हीचं मानकही तयार केलं आहे. असा संच असेल तर वेगळ्या बॉक्सचीही गरज पडत नाही. पावसाची मात्र तयारी ठेवावी. जुलैत कल्याणला मुसळधार लागली की उपग्रहाचं चित्र चौकोनी तुकड्यांत गोठतं. छत्री थोडी मोठी आणि नीट रोखलेली असेल तर हा त्रास कमी होतो, पूर्ण जात नाही.

गच्चीवरचा जुना काट्यांचा अँटेना मात्र आता कामाचा नाही. दूरदर्शननं ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्यानं बंद केले आणि मार्च २०२२ नंतर, सामरिक महत्त्वाची काही ठिकाणं सोडली, तर तो मार्ग देशभर संपला.

क्रिकेट: वायरीवर नाही, छत्रीवर आहे

मोफत टीव्हीचा प्रश्न निघाला की चर्चा क्रिकेटवर येते, आणि इथे एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते.

१९९३च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं म्हटलं. तिच्यावर सरकारची किंवा कोणा एकाची मक्तेदारी नाही. २००७ मध्ये संसदेनं कायदा केला, की राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचं थेट चित्र हक्कधारक वाहिनीनं प्रसार भारतीला दिलंच पाहिजे. भारतीय संघाचे अनेक सामने, विश्वचषकाच्या शेवटच्या फेऱ्या, ऑलिंपिक यांचा त्यात समावेश होतो.

मग घरच्या केबलवर दूरदर्शन लावलं की सामन्याच्या वेळी वेगळंच काहीतरी का दिसतं? कारण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हे चित्र प्रसार भारतीनं फक्त स्वतःच्या भूप्रक्षेपण आणि डीटीएच जाळ्यावर दाखवायचं. खासगी केबल आणि डीटीएचवरच्या दूरदर्शनला ते लागू नाही. नाही तर पैसे देऊन हक्क घेतलेल्या वाहिनीचं नुकसान होईल, हा युक्तिवाद मान्य झाला. परिणाम विचित्र आहे. डोंबिवलीत केबलचं बिल भरणाऱ्याच्या दूरदर्शनवर सामना दिसत नाही, आणि शेजारच्या चाळीत फ्री डिश असलेल्याला तोच सामना फुकट दिसतो. आयपीएल या यादीत येत नाही.

मोबाइलवरचं मोफत

इंटरनेटनं फुकट टीव्हीचा नवा दरवाजा उघडला, पण तो वारंवार अर्धा बंद होतो. २०२३ आणि २०२४ मध्ये आयपीएल जिओसिनेमावर सगळ्यांना मोफत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं आणि वर्गणी किंवा ठराविक रिचार्जची अट आली. लोकांना सवय लावायची आणि मग दर लावायचा, हा व्यापाराचा जुना नियम आहे. १९९०च्या दशकात केबलवाले पहिला महिना फुकट देत, तेव्हाही हाच नियम होता.

टिकाऊ मोफत गोष्टी कमी दिमाखाच्या आहेत. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर चोवीस तास थेट दिसतात, पूर्ण कायदेशीरपणे. सह्याद्रीचे कार्यक्रम आणि दूरदर्शनच्या जुन्या संग्रहातलं बरंच काही तिथे आहे. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत ‘वेव्हज’ हा स्वतःचा ओटीटी मंच सुरू केला. त्यावर थेट वाहिन्या आणि जुन्या मालिका आहेत. स्मार्ट टीव्हीसोबत येणाऱ्या जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिन्याही याच प्रकारात मोडतात. डेटाचे पैसे मात्र प्रत्येक वेळी जातातच. ज्या घरात ब्रॉडबँड आधीपासून आहे, त्यालाच हा मार्ग फुकट.

रेघ कुठे आहे

कायदेशीर आणि बेकायदेशीर यांच्यामधली रेघ ओळखणं अवघड नाही. वाहिनीनं स्वतः फुकट दिलेलं चित्र बघणं कायदेशीर. वर्षाचे थोडे पैसे घेऊन हजारो सशुल्क वाहिन्या देणारी अनोळखी आयपीटीव्ही ॲप, टेलिग्रामवर फिरणारे नवे सिनेमे, दुसऱ्याच्या केबलला मारलेला फाटा हे कॉपीराइट आणि केबल कायद्याच्या बाहेर जातं. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं चित्रपटाची चोरटी प्रत बनवणाऱ्या आणि पसरवणाऱ्यांना तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाखांचा दंड ठेवला आहे.

एक जागा मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घरच्या जोडणीचे हक्क घरापुरते असतात. मैदानात मोठा पडदा लावून सामना दाखवायचा असेल, किंवा खानावळीत गिऱ्हाईक खेचायला टीव्ही लावायचा असेल, तर हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. फायनलच्या रात्री कोपऱ्याकोपऱ्यावर लागणाऱ्या पडद्यांपैकी किती मंडळं ती घेतात, हा प्रश्न त्यांनाच विचारावा.

जगात काय चाललंय

आपण परवान्यातून सुटलो, हे जगाकडे पाहिलं की जास्त जाणवतं. लंडनला गेलेल्या डोंबिवलीकर मुलानं तिथे कोणतीही वाहिनी थेट लावली, अगदी झी मराठीसुद्धा, किंवा बीबीसीचा आयप्लेअर उघडला, की त्याला वर्षाला १७४ पौंड ५० पेन्सचं लायसन लागतं. हा २०२५-२६चा दर. फक्त यूट्यूबवरचे जुने भाग किंवा नेटफ्लिक्स बघणाऱ्याला ते नको. जर्मनीत टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराला महिना १८ युरो ३६ सेंट द्यावे लागतात. फ्रान्सनं २०२२ मध्ये हा कर रद्द केला.

अमेरिकेतला एक नियम मात्र आपल्या सोसायट्यांनी वाचावा असा आहे. तिथल्या दूरसंचार आयोगाचा १९९६चा नियम सांगतो, की घरमालकाच्या स्वतःच्या ताब्यातल्या जागेत, म्हणजे त्याच्या गॅलरीत किंवा अंगणात, एक मीटरपर्यंतची छत्री लावायला संघटना किंवा सोसायटी मनाई करू शकत नाही. सामाईक गच्चीला तो नियम लागू नाही, पण स्वतःच्या गॅलरीपुरता हक्क पक्का आहे.

पुढे काय करावं

या सगळ्या आढाव्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत मोफत आणि कायदेशीर टीव्ही बघण्याला अडथळा कायद्याचा नाही. अडथळे तीन आहेत: गच्ची, माहिती आणि मराठी. पहिल्यावर उपाय राज्य सरकारच्या हातात आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत गॅलरीतली लहान छत्री आणि गच्चीवरची सामाईक छत्री यांना हक्काची जागा द्यावी. नव्या टॉवरच्या परवानगीतच एका विंगमागे एका सामाईक छत्रीची सोय बंधनकारक करता येईल. दुसरा उपाय ट्रायच्या हातात आहे. प्रत्येक केबल आणि डीटीएच बिलावर ‘फक्त फ्री टू एअर’ हा पर्याय आणि त्याची किंमत ठळक छापली जावी. तिसरा सर्वांत अवघड आहे. लिलावात मराठी वाहिन्यांसाठी स्वस्त आणि पाचेक वर्षांची जागा राखून ठेवली, तर त्या दर मार्चमध्ये ये-जा करणार नाहीत. नाही तर फुकट बघायचं तर हिंदीत बघा, असा अलिखित नियम रूढ होईल.

यातला एक भाग आजच करता येण्यासारखा आहे आणि त्याला सरकार लागत नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगच्या आणि पाण्याच्या विषयांनंतर ‘गच्चीवर एक सामाईक फ्री डिश’ हा विषय लेखी द्यावा, खर्च विंगमधल्या घरांत वाटून द्यावा आणि ठराव मंजूर करून घ्यावा. केबल कोणी काढावी असा आग्रह धरायची गरज नाही. ज्याला मालिका हव्यात तो वायर ठेवेल. पण बिल भरायचं की नाही, हे निदान प्रत्येक घराला स्वतः ठरवता येईल.